आईच्या मापाची कवळी

आईला मीठ कळलं, ही बातमी मामाने न्याहारी उरकायच्या आत अख्ख्या गल्लीत पोचवली.

बातमी तशी एवढीशीच होती. वहिनीने रोजच्यासारखं पातळ सूप पेल्यात घालून आईच्या खोलीत नेऊन दिलं. आईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "खारट झालंय." वहिनी आधी फणफणली, कारण मीठ तिने स्वतः चाखून घातलं होतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, तसा पेला तिथेच ठेवून ती किंचाळत बाहेर आली. गालाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे शेक घेतले तेव्हापासून आईला सगळंच पुठ्ठ्यासारखं लागत होतं. साखर पुठ्ठा, लिंबू पुठ्ठा, औषधसुद्धा पुठ्ठा. आणि आज सूप खारट!

"मला नावं ठेवली तिने! माझ्या हातच्या सुपाला!" वहिनी पदराने डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटली. सासूने नावं ठेवली म्हणून आनंदाने रडणारी सून आईच्या धाकट्या लेकीने तोवर पाहिली नव्हती.

धाकटी त्या वेळी कारखान्यात होती. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगाला काढलेल्या दोन लांबट खोल्या, पण आजोबांनी पाटीवर 'कारखाना' लिहिलं होतं आणि नंतर ते पुसायची कुणाची छाती झाली नाही. इथे कवळ्या होत. गावातले निम्मे म्हातारे आईच्या दातांनी हसत आणि उरलेले निम्मे आईच्या दातांनी एकमेकांवर खेकसत. लोक तिला दातवाल्या बाई म्हणत. मामा तिचा सख्खा भाऊ, पण त्याने लहानपणीच प्लास्टरला हात जोडले आणि आयुष्यभर बस चालवली. आता निवृत्त होऊन तो बहिणीकडेच राहत होता, आणि सध्या त्याच्याकडे एक नवीनच नोकरी आली होती. दादा आणि धाकटी यांच्यामध्ये निरोप्याची.

कारण दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. शेजारशेजारच्या टेबलांवर पाठीला पाठ लावून काम करत, एकाच मोटरवर कवळ्या घासत, आणि बोलणं मात्र मामाच्या मार्फत.

"मामा, त्यांना सांग, मोटर मोकळी झाली."

"सांगतो हो. तीन हातांवर बसलाय बिचारा, ऐकू गेलं नसेल."

भांडण आईच्या दातांचं होतं. शेक सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की जे दात किडलेत, हलताहेत ते आत्ताच काढून टाका. शेक लागलेल्या जबड्यातून नंतर दात उपटला तर जखम भरत नाही, हाड मरायला लागतं. आईचे वरचे सगळे आणि खालचे डावीकडचे असे दात धोक्यात होते. धाकटीने हट्ट धरला की वरचे पुढचे चार तरी वाचवता येतील, अजून एकदा बघू, दुसऱ्या कुणाला विचारू. ती विचारायला गेली, आणि परत येईपर्यंत दादाने होकार देऊन टाकला होता. आई घरी आली ती हातरुमालाने तोंड झाकून. तो रुमाल तिच्या तोंडावरून अजून हटला नव्हता, आणि धाकटीचा दादावरचा राग तिच्या मनातून.

पण आज दिवसच वेगळा होता. गेल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासून सांगितलं होतं की आतली सालटं निघणं थांबलंय, जखमा भरल्यात, आता वरची कवळी करून बघायला हरकत नाही. त्यात आज मीठ कळलं. वहिनीने लगेच जाहीर केलं की दुपारी आई टेबलावर जेवेल, सगळ्यांबरोबर, तिच्या खुर्चीवर. तिने ठेवणीतल्या बश्या काढल्या, अंडी उकडायला टाकली, बटाटे कुस्करले, मऊ पावाच्या कडा कापून काढल्या. मामा बाजारातून फुलं घेऊन आला आणि ती खोचायला काही मिळेना म्हणून त्याने प्लास्टर कालवायचं रबरी भांडं टेबलावर आणून ठेवलं.

धाकटी मात्र सारखी आपल्या टेबलाचा खण उघडून आत बघत होती. मऊ कापडात गुंडाळलेली एक कवळी. डॉक्टरीणबाईंचा होकार आला त्याच संध्याकाळी तिने ती करायला घेतली होती. कुणाला कळू न देता, सगळे गेल्यावर, एकटीने. आज जेवायच्या आधी ती आईच्या हातात ठेवायची, आणि दादाकडे फक्त एकदा बघायचं.

जेवायची वेळ झाली. धाकटीने खणातली कवळी खिशात टाकली. आई बाहेर आली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात रुमाल. शेकांनी तिची लाळच आटवली होती, त्यामुळे दोन शब्द बोलली की एक घोट, असा तिचा हिशेब झाला होता. तिने टेबलाकडे पाहिलं, रबरी भांड्यातल्या फुलांकडे पाहिलं, आणि रुमालाआड ती हसली असावी, कारण डोळे बारीक झाले.

"आई, थांब, बसायच्या आधी..." धाकटी म्हणाली.

"आई, एक मिनिट..." त्याच क्षणी दादा म्हणाला.

दोघांचे हात एकाच वेळी खिशात गेले आणि टेबलावर दोन कवळ्या आल्या.

वहिनी आधी या कवळीकडे बघत राहिली, मग त्या कवळीकडे. मामाने शिट्टी वाजवली.

"अगं बाई! दोघांनी केली?" वहिनी म्हणाली.

"मामा, त्यांना विचार," धाकटी म्हणाली, "माप कशावरून घेतलं?"

"तिला सांग, फळीवरच्या साच्यावरून."

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. कारखान्याच्या एका भिंतीवर फळी होती आणि तिच्यावर घरातल्या प्रत्येकाचं तोंड प्लास्टरमध्ये मांडून ठेवलेलं होतं. शिकाऊ असताना प्रत्येकाने पहिलं माप घरच्याच माणसाचं घ्यायचं, हा आजोबांचा नियम. आईचा साचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घासलेला, कारण दोघंही तिच्याच तोंडावर शिकली होती. त्या साच्यावरून धाकटीने गुपचूप दुसरा पाडून घेतला होता, त्याचे दात कानशीने उडवून हिरडी अंदाजाने काढली होती, आणि मूळ साचा जागेवर नेऊन ठेवला होता. मधे दोनदा तो जागेवरून हललेला दिसला तेव्हा तिला वाटलं, मामाने झाडताना हलवला असेल, आणि तिने त्याला झापलंही होतं.

"म्हणजे तो मी हलवत नव्हतो," मामा म्हणाला. "उगाच शिव्या खाल्ल्या."

"आधी माझी," दादा म्हणाला. मोठेपणाचा मान त्याने कधी मागितला नव्हता, पण आज तो पोरासारखा उतावीळ झाला होता. "आई, बस. आणि कवळी बसली की साठपासून सत्तरपर्यंत मोज."

तो कारखान्याचा शिरस्ता. नवीन कवळी घातलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने खुर्चीत बसून साठ ते सत्तर आकडे म्हणायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्या सगळ्या 'स'मधून आणि 'ष्ट'मधून कवळी कुठे हलते, कुठे शिट्टी वाजते ते आई डोळे मिटून ऐके. आज पहिल्यांदाच ते आकडे आईला म्हणायचे होते.

आईने रुमाल खाली घेतला. जिथे ओठ आत ओढले गेले होते तिथे कुणी बघितलं नाही, सगळ्यांनी कवळीकडेच बघितलं. तिने तोंड उघडलं. शेकांनंतर तिचा जबडा आखडला होता. रोज आइसक्रीमच्या लाकडी काड्या मऊ कापडात गुंडाळून, एकावर एक रचून ती तो उघडायचा व्यायाम करी. एक बोट जेमतेम जायचं, ती आता दोन बोटांवर आली होती. दादाने कवळी पुढे नेली, आणि ती ओठांशीच अडली. त्याने तिरकी केली. तरी अडली. ओठाचा कोपरा ताणला गेला तशी आईने हात वर केला.

"उघड जरा अजून," दादा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून गोरामोरा झाला.

"माझी लहान आहे," धाकटी पुढे झाली. मनात एक नको असलेली उकळी फुटली होती आणि ती तिला दाबता येत नव्हती. तिने कवळी उभी धरली, एक बाजू आधी सरकवली, मग दुसरी. गेली! वहिनीने टाळी वाजवली. धाकटीने बोटाने दाबून टाळूला टेकवली आणि हात काढला.

कवळी टप्पकन जिभेवर पडली.

तिने पुन्हा टेकवली. पुन्हा पडली. वरची कवळी चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे, हे धाकटी नवशिक्यांना शिकवत असे. आईच्या टाळूला हात लावला तर कोरड्या कागदासारखा लागत होता. आईने कवळी काढून टेबलावर ठेवली, एक मोठा घोट घेतला आणि रुमाल पुन्हा तोंडाला लावला.

"मी ठेवायला सांगितलेले चार दात असते, तर त्यांना अडकवून बसवता आली असती," धाकटी म्हणाली.

"ते चार हलत होते!"

"हलत होते म्हणून उपटायचे?"

"मग काय जबडा सडेपर्यंत वाट बघायची? काय झालं असतं माहितीय तुला?"

"मला विचारायचंस तरी! मी दोन तासांत परत येणार होते!"

"बोलताहेत," मामा वहिनीच्या कानात म्हणाला. "एकमेकांशी बोलताहेत."

"हे बोलणं?" वहिनी म्हणाली आणि दादाकडे वळली. "आणि तू काय ओरडतोयस तिच्यावर? बरोबर आहे तिचं, तिला विचारायला हवं होतं." नवऱ्याच्या विरुद्ध वहिनी आजवर कधी गेली नव्हती, त्यामुळे दादा आणखीच भडकला. मग मामाने दादाची बाजू घेतली, कारण कुणीतरी घ्यायला हवी होती, आणि पाच मिनिटांत अशी जुंपली की उकडलेली अंडी गार झाली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईने बाटली टेबलावर आपटली.

"नको मला दात," ती म्हणाली. एक घोट. "उचला ते सामान." आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. तिची खुर्ची तशीच मागे सरकवलेली राहिली.

थोड्या वेळाने धाकटी तिच्यामागे गेली. आई पलंगावर बसून आरशासमोर काड्या रचत होती. काड्यांची चवड तोंडात असली की बोलता येत नाही, त्यामुळे धाकटीला गप्प बसून वाट बघावी लागली. आईने काड्या काढल्या, डॉक्टरीणबाईंनी दिलेला कृत्रिम लाळेचा फवारा तोंडात मारला. मामा त्याला बाटलीतली थुंकी म्हणायचा आणि आई त्याच्यावर दर वेळी हसायची. आज ती हसली नाही.

"टेबलावर का नाही बसत सांगू?" आई म्हणाली. "घास फिरत नाही तोंडात. प्रत्येक घासाला पाणी लागतं. कधी बाहेर येतो. तुम्ही सगळे बघत नाही असं दाखवता. ते नाही सोसत मला." तिने घोट घेतला. "वाटलं होतं, दात बसले की बसेन. आज खरंच वाटलं होतं."

धाकटीने आईचा हात धरला. "दादाने ते दात काढू दिले नसते तर..."

"दादाने नाही. मी."

"काय?"

"तू विचारायला गेलीस. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आत्ताच काढा. नंतर एक जरी दुखला तर? रोज भीत बसू? मी सांगितलं आणि त्याला म्हटलं, तू होकार दिलास असं तिला सांग. तू माझ्यावर रागावली असतीस तर..." तिचा आवाज कोरडा पडला. तिने बाटली शोधली. "मला त्या वेळी नसतं झेपलं गं. त्याला झेपलं."

अख्खाच्या अख्खा राग, इतके दिवस जपून वापरलेला, आणि तो चुकीच्या पत्त्यावर गेला होता. पलीकडच्या खोलीत दादा मामाला काहीतरी समजावत होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, थोडा चिडका, थोडा ओशाळा.

"आणि साचा कुणाचा घेतलात?" आईने एकदम विचारलं. तिचे डोळे बदलले होते. "जुना? शेकांच्या आधीचा? अगं, तोंड बदललंय माझं. हिरड्या बसल्यात. गाल आखडलाय. दोघंही माझ्या हाताखाली शिकलात आणि दोघांनीही एकच गाढवपणा केला?"

"माप घ्यायचा ट्रे तुझ्या तोंडात जाणार नाही म्हणून..."

"जाणार नाहीच. अख्खा काहीच जाणार नाही." आई बोलता बोलता थांबली. तिने समोरच्या काड्यांकडे पाहिलं, मग आपल्या दोन बोटांकडे. आणि उठलीच.

ती थेट कारखान्यात गेली. आपल्या टेबलाशी, ज्यावर इतके महिने कुणी नुसता फडका मारत होतं, तिने खुर्ची ओढली. ॲप्रन अडकवला. "ती दे," ती दादाला म्हणाली. दादाने आपली कवळी दिली. आईने ती पकडीत आवळली, बारीक पात्याची करवत घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढच्या दोन दातांच्या मधोमध चालवली.

"आई!" दादा ओरडला. तीन रात्रींचं काम होतं ते.

गुलाबी भुसा टेबलावर पडला. कवळीचे दोन तुकडे झाले. आईने डावा तुकडा घेऊन तोंडात सरकवला. सहज गेला. मग उजवा. तोही गेला. बोटांनी दोन्ही धरून तिने त्यांच्याकडे बघितलं, तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"अर्धी जाते," ती म्हणाली.

आणि एकच कल्ला उडाला. "दोन भागांत!" "आत गेल्यावर जोडायची!" "खुंटी आणि खाच!" "मापही दोन भागांत घ्यायचं, पोरांचा ट्रे कापून!" "आणि चिकटणार कशी?" "आतून मऊ अस्तर, खाली फवारा मारून!" दादा आणि धाकटी एकमेकांचं वाक्य तोडून बोलत होती, मामाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. नोकरी गेल्याचं त्याला अजिबात दुःख झालं नाही. तो डॉक्टरीणबाईंना फोन लावायला धावला.

डॉक्टरीणबाई आल्या, टॉर्च मारून तोंड पुन्हा पाहिलं आणि अटी घातल्या. माप त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचं. सुरुवातीला कवळी थोडा वेळच घालायची, झोपताना काढायची. शेक डावीकडे लागलेत, तिथे कुठे टोचलं, लाल झालं, तर त्याच दिवशी दाखवायचं. अंगावर काढायचं नाही. "हाडाशी खेळ नको," त्या म्हणाल्या. "बाकी कल्पना झकास आहे. कुणाची?"

"माझी," आई म्हणाली. ते ऐकून डॉक्टरीणबाईही हसल्या.

मग आईने हुकूम सोडला. डावी बाजू दादाने करायची, उजवी धाकटीने. खाच त्याची, खुंटी तिची.

पुढचे दिवस कारखान्यात जत्रा भरल्यासारखा गोंगाट होता. "तुझा पुढचा दात पिवळा दिसतोय." "आईचे पिवळेच होते, तू पांढरे लावतोयस, नटी करायची आहे का तिला?" "खुंटी जाड झाली." "खाच बारीक आहे!" आई मधोमध बसून दोघांचं मेण तपासायची आणि दोघांनाही सारखं झापायची. एकदा धाकटी मोटरवर घासता घासता म्हणाली, "दादा, आईने सांगितलं मला. त्या होकाराचं." दादा मान वर न करता म्हणाला, "ते धर नीट, हलतंय." बस, एवढंच. धाकटीने ते नीट धरलं.

आणि आज पुन्हा टेबल मांडलं गेलं. ठेवणीतल्या बश्या, मऊ पाव, रबरी भांड्यात ताजी फुलं. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या, जेवायला थांबणार नाही म्हणत खुर्ची ओढून बसल्या होत्या. पण आधी कारखान्यातली खुर्ची. गिऱ्हाइकाची. आई तिच्यात बसली. वहिनीने दाराची चौकट घट्ट धरली होती. आज हे नाही बसलं, तर आई पुन्हा टेबलाशी येणार नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

फवारा. डावा भाग आत. उजवा भाग आत. आईने जिभेने दाबलं, आणि खुंटी खाचेत बसल्याचा बारीक आवाज झाला. दादा आणि धाकटी दोघांनीही तो ऐकला. इतरांना ऐकू आला नाही, पण त्यांची तोंडं बघून कळलं.

आईने हात काढून मांडीवर ठेवले. रुमाल मांडीवरच होता.

"साठ," ती म्हणाली.

कवळी जागेवर होती.

"एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." आवाज जाड होता, पण 'ष्ट' स्वच्छ. वहिनी तोंडातल्या तोंडात बरोबर म्हणत होती. "चौसष्ट. पासष्ट." मामाही म्हणायला लागला. सदुसष्टपर्यंत सगळा कारखाना मोजत होता, डॉक्टरीणबाईसुद्धा. "अडुसष्ट." आणि आई थांबली. जीभ टाळूला चिकटली होती. तिने ती सोडवायचा प्रयत्न केला, ओठ हलले, शब्द आला नाही. दादाने पटकन बाटली पुढे केली. आईने घोट घेतला, सगळ्यांच्या देखत, रुमालाशिवाय, आणि एक थेंब हनुवटीवर आला तो मनगटाने पुसला.

"एकोणसत्तर," ती म्हणाली. "सत्तर."

मामाने टेबलावर अशी थाप मारली की प्लास्टरचे साचे थरथरले. वहिनीने डॉक्टरीणबाईंना मिठी मारली. पण आईने हात वर केला, चावा तपासायचा निळा कागद मागितला, दातांत धरून चावला, उजवीकडे जीभ फिरवली, आणि धाकटी लहानपणापासून जिला घाबरत आली होती ती आठी तिच्या कपाळावर उमटली.

"उंच आहे. उजवीकडे, मागचा." तिने कडक नजरेने पाहिलं. "कुणी केलं हे?"

उजवी बाजू धाकटीची होती. पोराटोरांची चूक, पहिल्या वर्षाची. ती तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला,

"माझी चूक. शेवटचा हात मीच फिरवला होता त्याच्यावर."

त्याने हात लावला नव्हता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा अगदी सरळ होता, आणि तिला एकदम कळलं की त्या होकाराच्या दिवशीसुद्धा तो असाच दिसला असेल.

"दादा, पुरे झालं आता," ती म्हणाली. "माझीच आहे. आई, मी केलं. मी उंच ठेवलं, कागद लावायचा कंटाळा केला."

"मी म्हटलं ना, माझी..."

"तू गप रे! खोटं बोलतोय तो!"

"तू लहान आहेस, तुला कळत नाही..."

"मला नाही कळत? माझी बाजू मला नाही कळत?"

आई एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा तिच्याकडे. तिचे खांदे हलायला लागले. आधी नाकातून आवाज आला, मग ओठ सुटले, आणि आई हसायला लागली. रुमाल मांडीवरून खाली पडला आणि तिने तो उचलला नाही. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पूर्वीसारखी, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी ती हसत राहिली. दादा आणि धाकटी भांडायचे थांबले आणि दोघंही एकाच जागी, तिच्या वरच्या ओठाखाली, बघत राहिले.

कवळी पडली नाही.